चार एकर आणि चौदा इंच

इतिहासाचा मास्तर एकदा सेवानिवृत्त झाला की नातेवाईक त्याला दोनच कामांसाठी बोलावतात. एक, लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन तपासायला. आणि दोन, दुसरं कुणी स्टुलावर चढलेलं असताना ते स्टूल धरायला. परवा आमच्या भाऊजींचा न्हावा-शेव्याहून फोन आला तेव्हा लगीनसराई नव्हती. म्हणजे स्टूलच असणार, हे मी ओळखलं.

"मास्तर, बंगल्यातला टीव्ही बदलतोय. जुना काढायचा, चपटा बसवायचा. तासाभराचं काम आहे. या."

'तासाभराचं काम' यावर मी विश्वास ठेवला नाही. युरोपातलं शंभर वर्षांचं युद्ध एकशे सोळा वर्षं चाललं होतं. इतिहासात दिलेली मुदत कुणी पाळल्याचं माझ्या वाचनात नाही. मग भाऊजी कुठून पाळणार?

आधी 'बंगला' या शब्दाचा खुलासा केला पाहिजे. भाऊजींनी तीस वर्षं बंदरात ट्रेलर चालवला. निवृत्त झाल्यावर माणसं ज्येष्ठ नागरिक संघात जातात, हास्यक्लबात जातात, नाहीतर सुनेच्या वाट्याला जातात. भाऊजींनी एक मोडीत निघालेली मिनीबस घेतली. आतली बाकडी उपटली, दोन बर्थ बसवले, एक शेगडी ठेवली, टपावर पाण्याची टाकी चढवली आणि खिडक्यांना ताईच्या जुन्या साड्यांचे पडदे लावले. परदेशात याला मोटरहोम म्हणतात. ताई 'धर्मशाळा' म्हणते. भाऊजी 'बंगला' म्हणतात. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा "आपलं बघून काढलं" असं भाऊजींनी सगळ्या नात्यात सांगितलं होतं.

तर या बंगल्यातून ताई, भाऊजी आणि भाऊजींच्या आई असे तिघं जेजुरी-पंढरपूर करायला निघणार होते. आणि ताईनं अट घातली होती की संध्याकाळच्या मालिका चुकणार असतील तर आपण विठोबाला घरूनच नमस्कार करू.

भाच्याच्या गाडीतून अटल सेतूवरून गेलो. १२ जानेवारी २०२४ ला हा पूल सुरू झाला. एकवीस पूर्णांक आठ दशांश किलोमीटर लांब, त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. शिवडीला चढलो आणि एक जांभई पूर्ण व्हायच्या आत उरण तालुक्यात उतरलो. पूर्वी ताईकडे जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच धरायची. लाँच लागली की पोटातलं बाहेर यायचं आणि ओहोटी असली की मोऱ्याला उतरताना चिखलात आपण आत जायचो. बहिणीकडे जाऊन आल्यासारखं वाटायचं. आता नुसतं पोचल्यासारखं वाटतं.

बंगला वडाखाली उभा होता. मी पहिल्यांदा इथं आलो तेव्हा या वडाखालून भरतीचं पाणी दिसे. आता क्रेन दिसतात. जिराफांचा कळप पाण्यावर यावा तशा माना वर करून उभ्या असतात. बसच्या पायरीजवळ खुर्ची टाकून आय बसल्या होत्या. आय म्हणजे भाऊजींच्या आई. वय नव्वदीच्या अलीकडे की पलीकडे हे त्यांना ठाऊक नाही आणि विचारायची आमची छाती नाही. सगळा पाडा त्यांना 'आय' म्हणतो, म्हणून मीही म्हणतो.

"मास्तर, आलाव? बरा झाला," त्या म्हणाल्या. "यो माजा टीवी काढतोय. बग जरा."

आणि तो टीव्ही आतल्या फळीवर, दोरीनं बांधलेला, बसला होता. चौदा इंची, काळा-पांढरा, लालभडक प्लॅस्टिकच्या अंगाचा. डोक्यावर उचलायला कडी, मागे ओढून लांब करायची अँटेना, पुढे दोन गोल खटके. वरचा खटका फिरवला की खट्‌ खट्‌ असा कुलूप मोडल्यासारखा आवाज करी. त्यावर बारा चॅनेलांचे आकडे होते. म्हणजे चाळ बारा खोल्यांची आणि भाडेकरू दोन. पण त्याचं खरं वैशिष्ट्य मागच्या बाजूला होतं. तिथं विजेच्या वायरीशेजारी आणखी एक छोटं भोक होतं, बारा व्होल्टचं. मोटारीची बॅटरी जोडली की घरात वीज नसली तरी हा चाले. ज्या देशात वीज ही पाहुण्यासारखी येते-जाते त्या देशासाठीच हे भोक पाडलेलं होतं.

"भाऊजी," मी स्टूल धरत म्हटलं, "तुम्हाला ठाऊक आहे का, हिंदुस्थानात टीव्ही प्रथम १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत—"

"मास्तर, इतिहास नको. स्क्रू धरा."

मी स्क्रू धरले. पण तोंड धरणं माझ्या हातात नव्हतं. आणि वाचकहो, तुमच्या हातात तर स्क्रू नाहीत, तेव्हा तुम्हाला ऐकायला हरकत नसावी.

दिल्लीनंतर टीव्ही मुंबईला यायला तेरा वर्षं लागली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. महाराष्ट्र तेव्हा बहात्तरच्या दुष्काळात होरपळत होता. गावोगाव लोक खडी फोडायच्या कामावर होते आणि वरळीहून 'आमची माती, आमची माणसं' दिसायला लागलं होतं. माती होती, माणसं होती, नव्हता तो पाऊस. पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र दिसू लागलं. तानाजीनंतर सिंहगडावर एवढी मोठी चढाई झाली नव्हती.

वरळी ते न्हावा-शेवा हे अंतर हवेतून मोजलं तर फारसं नाही. मध्ये बंदराचं पाणी. पाण्यात इमारती नसतात. त्यामुळे या किनाऱ्यावर चित्र बरं येई. पण त्यासाठी छपरावर अँटेना हवी आणि अँटेनेवर एक पोरगा हवा. खालून प्रश्न, वरून प्रश्न. "आला का?" "आला, आला... गेला!" "आता?" "जरा भाऊच्या धक्क्याकडे कर!" दिशा सांगायची ती अशी. मग चित्र स्वच्छ येई आणि पोरगा खाली उतरला की पुन्हा जाई. कारण ते अँटेनेमुळे नव्हे, पोरग्यामुळे येत असे. एरवी त्या अँटेनेच्या काट्यांवर बोंबील वाळत. बातम्यांना किंचित वास येतो असं तेव्हा दादरला राहणारे आम्ही म्हणायचो.

पाड्यातला पहिला टीव्ही यांचा नव्हे. तो भाऊजींच्या एका कोळी दोस्ताच्या घरचा. लाकडी कपाटातला, पुढे सरकती दारं आणि दाराला कुलूप. त्या काळी टीव्हीचं लायसन पोस्टातून काढावं लागे, आणि किल्ली घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईच्या कंबरेला असे. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. प्रवेशफी ओंजळभर सुकट. मग बंदर व्हायचं ठरलं. समुद्राला लागून असलेला शेव्याचा कोळीवाडा उठला आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवला गेला. तिथल्या जमिनीत वाळवी निघाली. आधी घरांचे वासे गेले, दारं गेली, मग कपाटं गेली. दोस्ताच्या टीव्हीचंही लाकूड वाळवीनं पोखरून खाल्लं. आतली काचेची नळी, तारा आणि पत्रा तेवढा उरला. "हाडं दिसत होती," भाऊजी सांगतात, "पण बातम्या वाचत होता."

हे ऐकताना आम्ही सगळे हसतो. तो दोस्तही हसतो. समुद्राकाठच्या माणसाचं घर वाळवीनं खावं, यात हसण्यासारखं तसं काही नाही. पण हसल्याखेरीज ते सांगताही येत नाही.

भाऊजींच्या घरची गोष्ट निराळी. यांचं गावठाण राहिलं, शेत गेलं. चार एकर भात, आणि त्याला लागून मिठागरात थोडा हिस्सा. नवी मुंबईसाठी जमिनी घ्यायचं १९७० साली ठरलं, मागाहून बंदर आलं. कवडीमोल भावाविरुद्ध या पट्ट्यातली माणसं दि. बा. पाटलांच्या मागं उभी राहिली. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, इथं गोळीबार झाला आणि पाच माणसं गेली. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व जे आलं ते या लढ्यातून आलं. शाळेच्या पुस्तकात हा धडा नव्हता. मी वर्गात पानिपत शिकवत होतो आणि माझ्या बहिणीच्या घरातली माणसं रस्त्यावर होती. 'किती वाजता शाळा सुटते' हे विचारणारी मुलं मला भेटली, पण 'सर, उरणला काय झालं' हे विचारणारं एकही भेटलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही. पोर्शन पुरा करायचा होता.

मग कधीतरी जमिनीचे पैसे आले. पैसे आले म्हणजे आम्हां मास्तरांना वाटतं की ते पासबुकात जातात. ते तिथं पाणी प्यायला थांबतात एवढंच. दोन मुलींची लग्नं झाली, जुनं कर्ज फिटलं, कौलं उतरून स्लॅब पडला, थोरल्यानं मोटरसायकल घेतली आणि ती झाडाला नेऊन घातली. भाऊजींचे वडील, बा, यांनी १९८७ सालच्या सुरुवातीला हिशेब केला तेव्हा दोन हजार आणि वर काही रुपये उरले होते. त्याच जानेवारीच्या २५ तारखेला टीव्हीवर रामायण सुरू झालं. दर रविवारी सकाळी. आणि दर रविवारी सकाळी यांची वीज जाई.

बा उठले, लाँच धरली, लॅमिंग्टन रोडला गेले आणि बारा व्होल्टच्या भोकाचा हा टीव्ही घेऊन आले. परतताना लाँचवाल्यानं टीव्हीचं अर्धं तिकीट लावलं. बांनी वाद घातला नाही. मांडीवर घेऊन बसले होते, मांडीवरच्या पोराचं अर्धंच लागतं. घरी आणून ओसरीवर ठेवला, ट्रॅक्टरची बॅटरी जोडली, रामचंद्र प्रकटले, आयनं हळदकुंकू वाहिलं. सगळा पाडा अंगणात. आणि बा म्हणाले, "चार एकराचं चौदा इंच झालं."

कुणी हसलं नाही, असं ताई सांगते. पण पुढच्या रविवारी पुन्हा सगळे आले.

रंगीत चित्र देशात १९८२ सालीच आलं होतं, पण ते बांच्या हिशेबात बसणारं नव्हतं. त्यावर तोड म्हणून बाजारात एक प्लॅस्टिकचा पडदा मिळे. वर निळा, मधे तांबूस, खाली हिरवा. तो काचेवर चिकटवला की झाला टीव्ही रंगीत. आभाळ निळं, जमीन हिरवी, हे खरंच. पण बातम्या देणाराचं कपाळ निळं आणि सदरा हिरवा दिसे. सीतामाई अशोकवनात बसली तर कमरेपर्यंत अशोकवनच होई. आयनं तिसऱ्या दिवशी तो पडदा काढून पापड वाळवायला घेतला.

२६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं. भाऊजी ट्रेलरवर चढले. जिथं बाप भात लावत होता तिथून हाकेच्या अंतरावर मुलगा लोखंडी पेट्या वाहू लागला. एकेका रांगेत रात्ररात्र जाई. रांगेत करायचं काय? भाऊजींनी चौदा इंची टीव्ही केबिनमध्ये नेला. ट्रेलरला चोवीस व्होल्ट, म्हणजे दोन बॅटऱ्या ओळीनं जोडलेल्या; त्यातल्या एकीवरून बारा व्होल्ट चोरून घेतले. यानं एक बॅटरी दमते आणि दुसरी माजते, हे त्यांना नंतर कळलं. पण तोवर त्यांच्या केबिनपुढे इतर ड्रायव्हरांची बैठक जमू लागली होती. पंजाबचा, बिहारचा, बीडचा, सगळे एका काचेत. राष्ट्रीय एकात्मतेवर मी वर्गात चाळीस मिनिटं बोलत असे. ती मला तिथं रांगेत उभी दिसली, लुंगीवर.

आणि आता खरी गंमत. ज्या पेट्या भाऊजी वाहत होते त्यांत काय असे? ते विचारायचं नसतं. पेटीला सील, सीलला नंबर. पण एकविसावं शतक लागल्यावर हळूहळू त्या पेट्यांत चपटे टीव्ही यायला लागले. याला कारण आहे. पोट असलेला टीव्ही म्हणजे निम्मी हवा. तो पेटीत भरून समुद्रापार पाठवायचा म्हणजे हवेचं भाडं भरायचं. चपटा टीव्ही पुस्तकासारखा रचून लागतो. टीव्हीचं पोट गेलं आणि व्यापाऱ्याचं सुटलं. भाऊजींनी वर्षानुवर्षं हे चपटे टीव्ही न बघता वाहिले आणि पाठीमागे ते ओढत असताना पुढे केबिनमध्ये पोटवाल्यावर बातम्या बघितल्या.

सरकारनंही या चपट्यांचा पाठलाग सोडला नाही. दुबईहून, बँकॉकहून येणारी माणसं सामानात टीव्ही आणत. २०१३ साली रुपया घसरला तेव्हा २६ ऑगस्टपासून विमानानं आणलेल्या चपट्या टीव्हीची माफी बंद झाली, छत्तीस टक्क्यांच्या घरात कर बसला. दुबईहून येणाऱ्या भावाचं स्वागत कमी हसून होऊ लागलं ते तेव्हापासून. २०१४ च्या अंदाजपत्रकात एकोणीस इंचांखालच्या काचांवरची जकात काढली. लहान काच गरिबाची, मोठी काच श्रीमंताची, असा हिशेब. आणि ३० जुलै २०२० ला बाहेरून तयार रंगीत टीव्ही आणायला परवाना लागू केला.

"मास्तर, खालचा स्क्रू कुठाय?"

खालचा स्क्रू मी बोलण्याच्या भरात चहाच्या बशीत ठेवला होता.

जुना टीव्ही फळीवरून उतरला तेव्हा भाऊजींच्या कमरेतून आवाज आला. "एवढंसं पोर, पण काय जड!" आयनं विचारलं, "त्याला पोट कशाला देलाय, ता सांग मास्तर." नव्वदीच्या विद्यार्थिनीनं शंका विचारली. अशा वेळी खरा शिक्षक स्टूल सोडतो. मी सोडलं. भाऊजी वर होते. सुदैवानं त्यांनी छताची कडी धरली.

मी सांगितलं ते असं. १८९७ साली, म्हणजे पुण्यात प्लेगच्या दिवसांत रँडवर गोळी झाडली गेली त्याच साली, जर्मनीत ब्राऊन नावाच्या शास्त्रज्ञानं ही काचेची नळी केली. नळीच्या शेपटाकडे एक बंदूक असते. ती काचेच्या आतल्या लेपावर विद्युतकणांची धार सोडते. धार जिथं पडते तिथं उजेड पडतो. धार एक, आणि काच एवढी रुंद. मग त्या धारेला चुंबकानं वाकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचं, खाली उतरवायचं, पुन्हा न्यायचं. आपल्याकडे अशा सहाशे पंचवीस ओळींचं एक चित्र, आणि सेकंदाला पंचवीस चित्रं. तेही आधी एक सोडून एक ओळ, मग राहिलेल्या मधल्या. धारेला एवढं वळायला मागं जागा लागते. ती जागा म्हणजे पोट.

आय ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे नांगरतोय."

मी गप्प झालो. पस्तीस वर्षं शिकवलं, पण एका शब्दात धडा संपवणारी विद्यार्थिनी मला भेटली नव्हती. खरंच, ती धार म्हणजे नांगरच. एक तास सोडून एक तास, बांधापर्यंत जायचं आणि परत यायचं. चौदा इंचांचं शेत, सेकंदाला पंचवीस वेळा नांगरलेलं.

"आणि यो चपटा?"

चपट्यात नांगर नाही. १९६८ साली, म्हणजे कोयनेच्या भूकंपानंतरच्या वर्षी, अमेरिकेत हाइलमायर आणि त्याच्या सोबत्यांनी द्रवस्फटिकाचा पडदा दाखवला. मागं दिवा, पुढं खिडक्या. प्रत्येक ठिपक्याला आपापली खिडकी. वीज दिली की आतला स्फटिक वळतो, कमी-जास्त उजेड सोडतो. बंगल्यात आता जो चोवीस इंची लागत होता त्यात असे साडेदहा लाख ठिपके, आणि प्रत्येकात तांबडी, हिरवी, निळी अशा तीन खिडक्या.

"याला पोटच नाय," आय म्हणाल्या. "मंग याचा जीव कुठं हाय?"

याचं उत्तर हाइलमायरनंही दिलेलं नाही.

नवा टीव्ही बसवायला लागलेला वेळ मी सांगत नाही. शंभर वर्षांच्या युद्धाचा उल्लेख वर केलाच आहे. पण ज्या कुणाला चालत्या घरात टीव्ही लावायचा असेल त्यांच्यासाठी आमचा अनुभव लिहून ठेवतो. पहिली गोष्ट, बारा व्होल्टवर सरळ चालणारा घ्यावा. बॅटरीची वीज इन्व्हर्टरमधून दोनशे तीस करायची आणि टीव्हीनं ती पुन्हा बारा करून घ्यायची, म्हणजे उरणहून पनवेलला जायला अलिबागवरून जाण्यासारखं आहे; वाटेत वीज सांडते. दुसरी, इंजिन चालू असताना गाडीची वीज चौदा व्होल्टांच्या वर चढते, तेव्हा मधे तिला आवरणारी डबी बसवावी. तिसरी, असा टीव्ही तीसेक वॅट घेतो. शंभर अँपियर-तासाची बॅटरी निम्मी वापरली तरी वीस तास निघतात, म्हणजे ताईच्या एका आठवड्याच्या मालिका. आणि चौथी, भिंतीच्या हाताला चालताना कुलूप लागेल असा बघावा. आमच्या हाताला कुलूप नव्हतं. चाचणीसाठी भाऊजींनी बस दहा फूट पुढे घेतली आणि ब्रेक मारला. टीव्हीनं मान फिरवून सरळ माझ्या कानाखाली दिली. आधीच्या टीव्हीनं उभ्या आयुष्यात कुणावर हात टाकला नव्हता.

मग छत्री. दूरदर्शनची मोफत छत्री ज्या उपग्रहाकडे बघते तो आमच्या भागातून आग्नेयेला येतो. भाऊजींनी होकायंत्र काढलं. ताईनं आतून विचारलं, "आग्नेयेला तर शेगडी असते ना?" वास्तुशास्त्राप्रमाणे स्वयंपाकघर आग्नेयेला. पण बंगला वळला की त्याची आग्नेय वळते. जेजुरीला शेगडी आग्नेयेला आली तर पंढरपूरला ती नैर्ऋत्येला जाणार. चार चाकांच्या वास्तूला कसलं शास्त्र! शेवटी असं ठरलं की शेगडी जिथं असेल तिथं असू द्यावी आणि छत्री प्रत्येक मुक्कामाला मी सांगेन तिकडे करावी. याचा अर्थ मी फोनवर उपलब्ध राहायचं. पूर्वी छपरावर पोरगा असे, आता दादरला मास्तर. बढती म्हणायची ती हीच.

संध्याकाळी चित्र आलं. काय चित्र! जुन्याच्या अडीच पट काच. माणसांच्या चेहऱ्यावरची पावडर दिसत होती. ताई खूश, भाऊजी खूश, भाचा खूश. आयनं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बरा हाय. आता माजा लाव."

जुना टीव्ही पायरीजवळ जमिनीवर ठेवला होता. हवेतून येणारं दूरदर्शनचं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळपास सगळीकडे बंद झालं. वरळीहून आता त्याला बोलवायला कुणी नाही. तरी भाऊजींनी मुकाट्यानं बारा व्होल्टची वायर लावली. खटका फिरवला. आधी एक बारीक रेघ, मग फिक्कट उजेड, मग मुंग्या. काचभर मुंग्या आणि खर्रर्र आवाज.

नव्या टीव्हीला काही मिळालं नाही तर तो निळा पडदा लावून 'सिग्नल नाही' असं छापून मोकळा होतो. जुन्याला तेवढी माहिती नव्हती. त्याला मिळेल ते तो दाखवत होता.

मला राहवेना. मी म्हटलं, "आय, या मुंग्या आहेत ना, त्यातली शंभरात एखादी सगळ्यांत जुनी. हे विश्व जन्माला आलं तेव्हाचा उजेड अजून फिरतोय, तो अँटेनेत सापडतो. आमच्या इतिहासाच्या पुस्तकाच्याही आधीचा तो."

भाऊजींनी या वेळी 'इतिहास नको' म्हटलं नाही.

आय काचेकडे बघत होत्या. "मुंग्या कुठल्या?" त्या म्हणाल्या. "पानी परतंय. खाचरान पानी परतंय ना, असाच दिसायचा. असाच आवाज." आणि त्यांनी हात लांब करून क्रेनांच्या पलीकडची कुठलीशी जागा दाखवली. तिथं लोखंडी पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या. कुणीच काही बोललं नाही. बसमधून ताईच्या मालिकेत कुणाचं तरी लग्न मोडत होतं, ते ऐकू येत होतं.

मग निघायची वेळ झाली. सामान चढू लागलं. भाऊजी म्हणाले, "आये, याला आता घरी ठेवू. भंगारवाला उद्या येणार आहे," आणि लगेच दुरुस्त केलं, "म्हणजे भंगारात नाही, माळ्यावर ठेवू."

"नाय," आय म्हणाल्या. "माजे खाटेखाली ठेव. पंढरपूर बघंल."

"आये, अगं किती जड आहे तो! वळणावर इकडून तिकडे जाईल. एवढुसा, पण उचलवत नाही."

"चार एकर हाय त्यान," आय म्हणाल्या. "जड लागनारच."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी स्टूल खाली ठेवलं आणि दुसऱ्या बाजूनं धरलं.